खाणीच्या गावचा चित्रकार : प्रभाकर पाचपुते

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक किंवा स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेले अधिकारी यांच्या जीवनाविषयी बोलले जाते. ते योग्यच आहे. यंदा कार्यकारिणीने आम्हाला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही एका चित्रकाराचा विषय निवडला. आमच्यासारख्या बँकेतील कारकुनाने चित्रकलेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आम्ही कलेचे जाणकार नाही. कला शाखेची पदवी घेतली, पण ती कला म्हणजे इतिहास, मराठी आणि राज्यशास्त्र. तरीसुद्धा हा विषय आपल्या घरातला आहे, असे आमचे मत आहे. ते का, हेच आज सांगावयाचे आहे.

चित्रकाराचे नाव प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६ सालचा. जन्मगाव सास्ती, तालुका राजुरा, जिल्हा चंद्रपूर.

सास्ती आपल्याला दूर वाटते, पण ती तेवढी दूर नाही. आपल्या गावाजवळून वाहणारी पैनगंगा पुढे वणीच्या बाजूने जाऊन वर्धा नदीला मिळते आणि तेच पाणी बल्लारपूर व राजुरा यांच्या मधून खाली जाते. आज सहस्रकुंडाला पडलेले पाणी उद्या-परवा सास्तीच्या शिवाराजवळून जाणार आहे. दुसरी गोष्ट इतिहासाची. निजामाच्या राज्यात किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा हे दोन्ही मराठी मुलूख नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. राजुरा पुढे १९५९ साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरमध्ये गेला आणि किनवट नांदेडमध्ये राहिले. म्हणजे तीन वर्षे का होईना, सास्ती आणि किनवट एकाच जिल्ह्याची गावे होती. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना हे आठवत असेल.

आता फरक पाहा. आपल्या जमिनीवर सागाचे जंगल उभे आहे. त्यांच्या जमिनीखाली कोळसा निघाला. वर्धा नदीच्या खोऱ्यात वरोऱ्यापासून बल्लारपूरपर्यंत इंग्रज काळापासून कोळसा काढला जात आहे. स्वातंत्र्यानंतर १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ साली नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी आली. तिकडचे लोक तिला वेकोलि म्हणतात. सास्ती परिसरात जमिनीखालची खाणही झाली आणि खुली खाणही झाली. खुल्या खाणीत आधी वरची माती काढून टाकतात. ही माती म्हणजेच शेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत कापूस आणि ज्वारी घेतली ती माती ट्रकने उचलून बाजूला टाकली जाते आणि तिचे डोंगर उभे राहतात. मग सुरुंग लागतात, घरांना तडे जातात, विहिरींचे पाणी खाली जाते. त्याबदली नोकरी मिळते. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातला एक जण खाणीत लागतो. महिन्याला पगार येतो, क्वार्टर मिळते, मुले शिकतात.

हे दोन्ही खरे आहे. खाणीने शेत घेतले हे खरे आणि खाणीने चूल पेटविली हेही खरे. पाचपुते यांच्या घराण्यातील माणसांनी तीन पिढ्या कोळसा खाणीत काम केले आहे. जी खाण घराला खाऊ घालते तीच गाव खाऊन टाकते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. ते त्यांनी लहानपणापासून पाहिले. त्यांच्या सगळ्या कलेचे मूळ इथे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष द्या. खाणीच्या गावातला हा मुलगा कुठे शिकला? मुंबईच्या एखाद्या महागड्या संस्थेत नव्हे. तो गेला खैरागढला. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या या लहानशा गावी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. १९५६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ केवळ संगीत, नृत्य आणि चित्र-शिल्पकला यांच्यासाठी आहे. तेथील राजघराण्याने आपला राजवाडा त्यासाठी दिला आणि आपल्या दिवंगत कन्येचे नाव विद्यापीठाला मिळाले. पाचपुते यांनी तेथून २००९ साली शिल्पकलेत पदवी घेतली. तेथून ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेले आणि २०११ साली शिल्पकलेतच पदव्युत्तर पदवी घेतली. बडोद्याचा ललितकला विभाग १९५० सालापासून चालू असून देशातील नामवंत चित्रकार-शिल्पकार तेथून बाहेर पडले आहेत. सयाजीराव हे नाव तर आपणास वेगळे सांगावयास नको. एका तरुण भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे तेच हे महाराज.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. खैरागढ काय आणि बडोदा काय, दोन्ही सार्वजनिक विद्यापीठे आहेत. लोकांच्या पैशावर चालणारी आणि साध्या घरच्या मुलाला परवडणारी. प्रतिभा कोणत्याही झोपडीत जन्मते, पण ती वाढण्यासाठी कुणीतरी दार उघडे ठेवावे लागते. ही दारे उघडी होती म्हणून सास्तीचा मुलगा आत जाऊ शकला.

मग काम सुरू झाले. शिकले शिल्पकला, पण ओळखले जाऊ लागले ते कोळशाच्या रेघांमुळे. चारकोल म्हणजे लाकडाचा कोळसा. बारीक काड्या हवा न लागू देता जाळल्या की चित्र काढण्याचा चारकोल तयार होतो. खाणीतला तो दगडी कोळसा आणि हा लाकडी कोळसा, दोन्ही वेगळे. पण आपल्या मराठीत दोघांनाही आपण कोळसाच म्हणतो आणि हाताला दोन्ही सारखेच काळे करतात. चित्रकाराने आपल्या गावचा रंग निवडला असे म्हटले तर चूक होणार नाही. बाजारात रंगांच्या हजार ट्यूब मिळत असताना ज्या काळ्या धुळीत आपली माणसे राबली तिचाच रंग त्यांनी हातात घेतला.

२०१२ साली मुंबईत क्लार्क हाऊस या कलाकारांच्या जागेत त्यांचे एकल प्रदर्शन झाले. त्याचे नाव होते ‘कॅनरी इन अ कोलमाईन’, म्हणजे कोळशाच्या खाणीतला कॅनरी पक्षी. या नावामागे एक कथा आहे. इंग्लंडातील खाणकामगार खाली उतरताना पिंजऱ्यात हा लहान पिवळा पक्षी सोबत नेत. खाणीत विषारी वायू असेल तर तो माणसाला कळत नाही, त्याला वास नसतो. पक्षी मात्र आधी कोसळतो. पक्षी पडला की माणसांनी पळावयाचे. १९८६ साली तेथील खाणींतून हे पक्षी काढून त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचा निर्णय झाला, आणि योगायोग असा की पाचपुते यांचे जन्मसालही तेच. आपण हे नाव असे समजतो : जो आधी कोसळतो तो सगळ्यांना धोक्याची सूचना देऊन जातो. खाणीच्या कडेला राहणारा शेतकरी, मजूर, बैल, पाखरू हे आधी कोसळतात. त्यांच्याकडे बघा म्हणजे पुढे काय येणार आहे ते कळेल.

आता प्रश्न येतो की हे काम दिसते कसे? कार्यक्रमपत्रिकेत आम्ही ‘बहुमाध्यमी कलावंत’ असा शब्द लिहिला तेव्हा दोन-तीन जणांनी त्याचा अर्थ विचारला. साधा अर्थ असा की हा कलावंत एकाच साधनाला बांधलेला नाही. एका खोलीत तुम्ही जाता. भिंतीवर कोळशाने काढलेली मोठी चित्रे असतात. कागदावर नव्हे, भिंतीवरच. समोर लाकडी फळीतून कापून काढलेल्या आकृत्या उभ्या असतात. कुठे मातीची किंवा इतर वस्तूंची शिल्पे असतात, तर एखाद्या बाजूला हलती चित्रे चालू असतात. ही सगळी मिळून एक कृती होते. मराठीत याला मांडणशिल्प हा चांगला शब्द आहे. आपण चित्रापुढे उभे राहत नाही, तर चित्राच्या आत शिरतो.

हलत्या चित्राची रीत विद्यार्थ्यांना आवडेल म्हणून सांगतो. कोळशाने एक चित्र काढावयाचे आणि त्याचा फोटो घ्यावयाचा. मग त्यातला हात थोडा पुसून किंचित वर काढावयाचा आणि पुन्हा फोटो. असे करत जावयाचे. एका सेकंदाच्या हालचालीसाठी बारा ते चोवीस फोटो लागतात. सगळे फोटो भरभर दाखविले की चित्रातला माणूस चालू लागतो. याला स्टॉप-मोशन म्हणतात. कोळसा पुसला तरी पूर्ण जात नाही, मागे करडा डाग राहतो. त्यामुळे माणूस पुढे गेला तरी तो आधी कुठे होता याची खूण भिंतीवर दिसत राहते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग या सोन्याच्या खाणींच्या शहरात विल्यम केंट्रिज नावाचे मोठे कलावंत आहेत. त्यांनीही कोळशाची चित्रे पुसून-पुसून हलती चित्रे केली आणि त्यांच्या १९९१ सालच्या एका कृतीचे नावच ‘माईन’ असे आहे. दोन देश, दोन खाणी, पण काळी कांडी तीच. जेथे जमीन पोखरली जाते तेथे कलावंताला पुसलेल्या माणसाची खूण ठेवावीशी वाटते, असे यावरून दिसते.

पाचपुते यांच्या चित्रांतील माणसे आपण पाहिली तर प्रथम चमकतो. माणसाचे धड आहे, पण डोक्याच्या जागी दुसरेच काही आहे, एखादे अवजार, एखादे यंत्र. कुठे माणूस आणि जनावर एक झालेले आहेत. डोंगर आतून पोकळ झालेले आहेत. घरातली लहान मुले म्हणतील, हे असे कसे? पण आपण जरा विचार करू. आपण एखाद्याला त्याच्या नावाने हाक मारीत नाही, ‘ए ट्रॅक्टरवाला’, ‘ए झाडूवाला’ अशी हाक मारतो, तेव्हा आपण त्याचे डोके काढून त्या जागी ट्रॅक्टर आणि झाडूच बसवीत नाही काय? माणूस त्याच्या कामाने झाकला जातो. हजेरीपटात तो एक नंबर होतो. आपल्या समाजाला तर हे विशेष करून कळावे, कारण आपल्या पूर्वजांची ओळख शेकडो वर्षे त्यांच्यावर लादलेल्या कामावरूनच केली गेली. चित्रकाराने हेच डोळ्यांना दाखविले.

खाणकामगार हा विषय आपल्या चळवळीला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४३ सालच्या डिसेंबरात ते धनबाद भागातील कोळसा खाणी पाहण्यास गेले आणि स्वतः खाणीत खाली उतरून मजुरांची कामाची जागा त्यांनी पाहिली. त्यांच्या घरांनाही भेट दिली. पुढे १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांच्यासाठी तो निधी होता. कागदावरचा आकडा पाहून भागत नाही, अंधारात उतरून माणूस पाहावा लागतो, ही त्यांची रीत होती. कलावंताचे कामही एका अर्थाने असेच असते. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या हातात कायदा होता आणि कलावंताच्या हातात रेघ आहे.

आता त्यांच्या पुढील प्रवासाबद्दल थोडक्यात. २०१४ साली ब्राझीलमधील साओ पावलो येथील ३१ व्या बिएनालेत त्यांचे काम मांडले गेले. बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारे मोठे कलाप्रदर्शन. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी आणि आदिवासी बंधू-भगिनी सुमारे १८० किलोमीटर पायी चालत गेले हे आपणास आठवत असेल. त्यांच्या फाटलेल्या टाचांचे फोटो आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केरळातील कोची-मुझिरिस बिएनालेत पाचपुते यांनी काम मांडले. त्याच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो : प्रतिकाराच्या युगातील चिवट देह. २०२२ साली इटलीतील व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला. हे प्रदर्शन १८९५ सालापासून भरते आणि कलाजगतात त्याचा मान फार मोठा आहे.

परंतु आम्हाला सर्वात महत्त्वाचे वाटते ते २०२१ साल. ब्रिटनच्या वेल्स प्रांतात कार्डिफ या शहरी ‘आर्टेस मुंडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय कला पुरस्कार दिला जातो. नवव्या पुरस्कारासाठी जगभरातून सहा कलावंत निवडले गेले, त्यांत पाचपुते होते. कोविडचा काळ होता. परीक्षकांनी एकाला निवडून पाच जणांना परत पाठविण्याऐवजी सहाही जणांना पुरस्कार दिला. असे तेथे प्रथमच घडले. स्पर्धेच्या या दिवसांत ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हा पुरस्कार वेल्समध्ये मिळाला याला वेगळाच अर्थ आहे, कारण वेल्स हा कोळशाचा मुलूख. तेथे सेंघेनिड गावच्या खाणीत १९१३ साली स्फोट होऊन ४३९ कामगार मेले. १९६६ साली अ‍ॅबरफॅन गावी खाणीतील टाकाऊ मातीचा डोंगर पावसाने खचून शाळेवर आला. १४४ जण दगावले, त्यात ११६ मुले होती. आपल्याकडे १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. भाषा वेगळी, कातडीचा रंग वेगळा, पण दुःख सारखे. त्याच वेल्समध्ये आणखी एक गोष्ट घडली. टॉवर कोलियरी ही खाण सरकारने बंद केली तेव्हा २३९ कामगारांनी नोकरी जाताना मिळालेल्या रकमेतून प्रत्येकी ८००० पौंड एकत्र केले, खाण विकत घेतली आणि १९९५ पासून २००८ पर्यंत स्वतः चालविली. बँकेत काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पैसा एकेकट्याच्या खिशात राहिला तर खर्चून जातो, एकत्र आला तर संस्था उभी राहते. पाचपुते यांनी वेल्सच्या खाणकामगारांचा इतिहास अभ्यासला आणि त्यांचा संघर्ष व आपल्याकडील खाणी यांचा धागा जोडणारी चित्रे आणि फलक तेथे मांडले. सास्तीचा अनुभव घेऊन गेलेला माणूस कार्डिफमध्ये परका ठरला नाही. आपल्या गावाची गोष्ट पुरेशी खोलवर सांगितली तर ती सगळ्या जगाला कळते, हा आमच्या मते या कलावंताच्या जीवनातील मुख्य धडा आहे.

आपण साहित्यात हे आधी अनुभवलेले आहे. १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला, त्याआधी बाबूराव बागुल आले. वस्तीची भाषा साहित्यात चालत नाही असे म्हणणारे लोक होते. दलित लेखकांनी ती भाषा आणली आणि मराठी साहित्य बदलले. चित्रकलेत हे काम थोडे मागे राहिले, कारण पेन दोन रुपयांना मिळतो पण कॅनव्हास, रंग, जागा आणि दालन यांना पैसा लागतो. तरी काम चालू आहे. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यातले मडके आणि पाठीचा झाडू चित्रात आणून अस्पृश्यतेचा इतिहास रंगविला. पाचपुते यांनी खाण आणि शेत आणले. आपापल्या मातीतून आलेली ही माणसे आहेत.

आता आपल्या घराकडे येऊ. बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही वीसेक वर्षांत पुष्कळ पाहिले. शैक्षणिक कर्जाचे अर्ज येतात ते इंजिनिअरिंगचे, नर्सिंगचे, फार्मसीचे. चित्रकलेच्या पदवीसाठी अर्ज आलेला आमच्या पाहण्यात नाही. पालकांना माहीतच नसते की बी.एफ.ए. हीसुद्धा विद्यापीठाची पदवी आहे आणि मान्यताप्राप्त संस्थेतील पदवीला शैक्षणिक कर्ज मागता येते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर बाबासाहेबांच्याच काळात, १९४४ साली सुरू झाली. ती डॉक्टर-इंजिनिअरसाठीच आहे असे कुठेही लिहिलेले नाही.

काउंटरवर दुसरीही गोष्ट पाहावयास मिळते. प्रकल्पात जमीन गेलेल्या माणसाच्या खात्यावर मोबदल्याची रक्कम जमा होते. पासबुकात एवढा मोठा आकडा त्याने कधी पाहिलेला नसतो. मग घर होते, मोटारसायकल येते, मुलीचे लग्न होते आणि खाते पुन्हा रिकामे होते. रिकाम्या खात्यात जमीन कुठेच दिसत नाही. आपल्या किनवट-माहूर भागातील गावे निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येतात आणि तेथील लोकांचा विरोध वर्षानुवर्षे चालू आहे. धरण व्हावे की न व्हावे यावर आज आम्ही बोलत नाही, दोन्ही बाजूंचे लोक या मांडवात बसलेले आहेत. आम्ही एवढेच विचारतो की ती गावे, ते पार, ती विहार आणि मंदिरे, ते शेतातले मोहाचे झाड, यांची नोंद कोण ठेवणार? तलाठ्याच्या सातबाऱ्यावर क्षेत्रफळ असते, झाडाची सावली नसते. ती सावली काढणारा कुणी मुलगा किंवा मुलगी आपल्यात आहे काय?

आहे, असे आमचे उत्तर आहे. शाळेच्या भिंतीवर, वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. आठवी-नववीपर्यंत ती काढतात. दहावी आली की आपणच सांगतो, “बाळा, आता हे बंद कर, अभ्यास कर.” चित्र हा अभ्यास नाही असे आपण ठरवून टाकले आहे. मराठवाड्याला तर असे ठरविणे शोभत नाही. अजिंठ्याची लेणी आपल्या मराठवाड्यात आहेत. दिव्याच्या उजेडात डोंगराच्या पोटात बसून ज्यांनी त्या भिंती रंगविल्या त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, पण आज दीड हजार वर्षांनंतर सगळे जग त्या पाहावयास येते.

पालक एक प्रश्न विचारतील आणि तो रास्त आहे. चित्र काढून पोट भरते काय? आम्ही खोटी आशा दाखविणार नाही. प्रत्येक मुलगा प्रभाकर पाचपुते होणार नाही, जसा प्रत्येक विज्ञानाचा विद्यार्थी शास्त्रज्ञ होत नाही. कलावंताची मिळकत अनियमित असते आणि पहिली काही वर्षे कठीण जातात. पण कलाशिक्षक, छपाई, जाहिरात, अ‍ॅनिमेशन, कापडावरील नक्षी, चित्रपटांचे नेपथ्य अशी अनेक कामे या शिक्षणातून मिळतात. शिवाय इंजिनिअरिंगची पदवी घेऊन घरी बसलेली मुले आपल्याच वस्तीत किती आहेत, ते मोजून पाहावे. ज्याचा जेथे ओढा आहे तेथे त्याने जीव ओतून शिकावे, यातच सुरक्षितता जास्त आहे असे आमचे मत आहे.

म्हणून संस्थेपुढे आम्ही काही सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या आपल्या मुला-मुलींची फी आणि रंगसाहित्याचा खर्च संस्थेने करावा. रक्कम फार मोठी होत नाही, एका सत्कारातील शाल-हारांच्या खर्चात दहा मुले बसतील. दुसरी, दरवर्षी एक सहल अजिंठ्याला न्यावी आणि मुलांना तेथे निदान दोन तास चित्र काढत बसू द्यावे, केवळ फोटो काढून परत आणू नये. तिसरी, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथील शासकीय कला महाविद्यालयांची, तसेच मुंबईच्या जे. जे. स्कूलची व खैरागढ-बडोद्याची प्रवेशाची माहिती आपल्या वाचनालयाच्या फलकावर वेळेत लावावी. हे काम आम्ही स्वतः अंगावर घेतो. कर्जाचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून पाहिजे असेल त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात यावे. चौथी सूचना मुलींसाठी आहे. रांगोळी आणि मेंदीपुरते आपण मुलींचे हात मोकळे सोडतो. तोच हात कागदावर आणि भिंतीवर चालू द्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला शेवटी एवढेच सांगणे आहे. पाचपुते यांच्याकडे सुरुवातीला काय होते? धुळीने काळे झालेले गाव, खाणीत जाणारी घरची माणसे आणि पाहण्याची सवय. आपल्याकडे गाव दुसरे असेल, पण पाहण्यासारखे कमी नाही. सागाच्या जंगलातून मोळी घेऊन येणारी बाई, उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडावर औषध म्हणून येणारे रोगी, हंगाम संपला की ऊसतोडीला निघणारे कुटुंब, आदिलाबादच्या गाडीची वाट पाहत फलाटावर झोपलेला मजूर, हे सगळे रोज आपल्या डोळ्यांसमोरून जाते. ते नीट पाहा. चित्र काढता येत असेल तर काढा, लिहिता येत असेल तर लिहा. यांपैकी काही येत नसेल तर निदान त्या माणसाला त्याच्या कामाच्या नावाने हाक मारू नका, त्याचे नाव विचारा.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे आणि ती वीज त्या खोऱ्यातल्या कोळशावर होते. ती राज्यभर जाते. या सभागृहातला दिवा लावताना आपण बटण दाबतो, तेव्हा तारेच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी अंधारात उतरलेला असतो. त्याचा चेहरा आपल्याला दाखविण्याचे काम त्याच्याच गावच्या एका मुलाने केले, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटला पाहिजे.



जयभीम.